पंप नवा, तरी पेट्रोल चढेना: जुन्या कार्बोरेटर गाडीची पेट्रोल लाइन कशी तपासावी

ही नोंद प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० अशा गाड्यांसाठी आहे. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाला बोल्टने बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीत पंप टाकीच्या आत असतो, विजेवर चालतो आणि लाइनमध्ये तीन किलोच्या आसपास दाब असतो. त्या गाडीवर खालचे प्रयोग करू नयेत.

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. पंप बदलला, महिनाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. यात बहुतेक वेळा जुना पंप निर्दोष असतो. पंप बदलताना दोन नळ्या हलल्या, क्लिपा नव्याने आवळल्या गेल्या, म्हणून काही दिवस फरक पडला, इतकंच. खरा बिघाड टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये तसाच राहिलेला असतो.

पंपाच्या अलीकडे ओढ, पलीकडे दाब

कॅमचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, दांडी डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) खाली खेचते आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. दांडी सैल पडली की डायफ्रामखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. म्हणजे दाब ठरतो तो स्प्रिंगवर, इंजिनाच्या वेगावर नाही. कार्बोरेटरची वाटी (आतली पेट्रोल साठायची जागा) भरली की तिचं तोंड बंद करणारी सुई, म्हणजे निडल, बंद होते, डायफ्राम खालीच अडकून राहतो आणि दांडी नुसती हलत राहते. निरोगी पंपाचा दाब साधारण ०.२ ते ०.३ किलो असतो, सायकलच्या ट्यूबपेक्षा कितीतरी कमी.

पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या भागात भोक पडलं तर पेट्रोल बाहेर येतं. ते दिसतं, वास येतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात मात्र लाइन ओढीवर असते. तिथे बारीक चीर पडली तर थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. शहाळ्यातल्या नळीला मध्येच भोक पडलं तर कितीही ओढा, पाणी तोंडापर्यंत येत नाही आणि नळी बाहेरून कोरडीच राहते, तसं. ‘सगळं कोरडं आहे, गळती नाही’ असं म्हणून लोक मागचा भाग सोडून देतात आणि पंपाला दोष देतात.

ओढीच्या बाजूचा दुसरा त्रास उष्णतेचा आहे. दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यामुळे पंपाआधीचा फिल्टर चोंदला असेल तर पंप जास्त जोराने ओढतो, लाइनमधला दाब आणखी उतरतो आणि मे महिन्यात नळीतच वाफ होते. ‘गरम झाल्यावर बंद पडते’ या तक्रारीचं मूळही अनेकदा गाळात असतं.

लक्षणं

सकाळी पहिल्या खेपेला खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, नंतर दिवसभर गाडी ठीक: रात्रीतून लाइनमधलं पेट्रोल टाकीकडे परत उतरतंय. कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पंपाचे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. गाडी आठवडाभर उभी असेल तर मात्र वाटीतलं पेट्रोल उडून जाणं स्वाभाविक आहे, त्याला बिघाड समजू नये.

गावात ठीक चालते, घाटात किंवा साठच्या वर झटके खाते, दोन मिनिटं उभी केली की पुन्हा चालते: पुरवठा कमी पडतोय. हिशेब साधा आहे. साठच्या वेगाने लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी तासाला पाच लिटर पिते, म्हणजे मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटर. तीच गाडी खंबाटकीत पूर्ण अॅक्सिलेटरवर चढताना तासाला बारा-चौदा लिटरच्या घरात जाते, म्हणजे अडीचपटीच्या आसपास. अर्धवट चोंदलेली लाइन गावात पुरते, घाटात उघडी पडते.

ट्रॅफिकमध्ये गरम होऊन बंद पडते, वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुरू होते: व्हेपर लॉक (नळीत वाफ होऊन पेट्रोल अडणं) असू शकतो, पण ठिणगीच्या बाजूची इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावरही हुबेहूब हेच होतं.

दहा-पंधरा किलोमीटरनंतर बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो: टाकीला श्वास नाही, म्हणजे पेट्रोल उतरेल तशी आत हवा येत नाही.

पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रातून पेट्रोल टपकतं, किंवा इंजिन ऑइलची पट्टी काढल्यावर पातळी वाढलेली दिसते आणि पेट्रोलचा वास येतो: डायफ्राम फाटला. इथे खालच्या तपासण्या करत बसू नका, इंजिनही सुरू करू नका. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप दुरुस्त करून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

हात लावण्याआधी

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना. विडी-सिगारेट नाही, जवळ देवघराची समई नाही, गॅसची शेगडी नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. सेल्फ मारायची तपासणी असेल तेवढ्यापुरतीच ती जोडा आणि त्या वेळी पेट्रोलचं उघडं टोक डब्यात आहे याची खात्री करा. हाताशी ड्राय पावडरचा अग्निशामक. पेट्रोल धरायला झाकणाचा पत्र्याचा डबा, पाण्याची प्लॅस्टिक बाटली नाही.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं बंद करा. गिळलं गेलं तर त्रास होतोच, पण एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते आणि ते जिवावर बेतू शकतं. हातपंपाची सायफन नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

१. दोष पेट्रोलचाच आहे ना?

खर्च शून्य. गाडी बंद पडली त्याच क्षणी, इंजिन पुन्हा सुरू व्हायच्या आत, एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने अॅक्सिलेटरची दांडी झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग पंपाच्या मागे लागू नका, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट बघा. पिचकारी नसेल तर पुरवठाच तुटलाय. दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही, तोवर परिस्थिती बदललेली असते.

प्लगची ठिणगी बघायची असेल तर पेट्रोलचा कुठलाही पाइप उघडण्याआधी बघून घ्या, नंतर नाही.

२. टाकीत पेट्रोल, टाकीला हवा

जुन्या गाडीचा काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते. काटा हलवणाऱ्या फ्लोटची (टाकीतल्या तरंगत्या डबीची) तार वाकलेली असते किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरलेलं असतं. आधी पाच लिटर टाका. हे लिहावं लागतं याचं कारण यावर पंप बदलले गेले आहेत.

मग झाकण. त्रास सुरू झाला की झाकण उघडून ऐका. आत हवा खेचली गेल्याचा आवाज आला तर श्वासनळी बंद आहे. काही गाड्यांत श्वासाचं छिद्र झाकणातच असतं. बाजारातलं कुलूपवालं झाकण बसवलं आणि त्याला छिद्र नसलं की हा दोष पैसे देऊन विकत घेतलेला असतो. काही गाड्यांना वेगळी श्वासनळी असते. तिच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. गाडी पावसाळाभर उभी असेल तर हे आधी बघा. बारीक तार घालून माती काढा, पण टाकीच्या दिशेने ढकलू नका.

३. सीएनजी किट असेल तर त्याचा व्हॉल्व्ह

कार्बोरेटर गाडीला सीएनजी किट लावताना पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये पेट्रोलचा सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह बसवतात. स्विच पेट्रोलवर टाकल्यावर त्यातून ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर फ्यूज आणि अर्थिंग बघा. बऱ्याच व्हॉल्व्हना खाली हाताने उघडायची छोटी चावी असते. ती फिरवल्यावर गाडी पेट्रोलवर चालली तर पंप चांगला आहे.

गाडी वर्षभर गॅसवरच पळत असेल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याचा चिकट राळेसारखा थर जाळीवर आणि पंपाच्या व्हॉल्व्हवर बसतो. अशा गाडीला रोज सकाळी पाच-दहा मिनिटं पेट्रोलवर चालवलं तर निम्मा त्रास होत नाही. सीएनजीच्या सिलिंडरकडून येणाऱ्या पाइपला मात्र हात लावू नका, त्यात दोनशे किलोच्या आसपास दाब असतो.

४. फिल्टर आणि जाळ्या

लाइनमधला कागदी फिल्टर पंपाच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. शंका असेल तर झटकून परत बसवू नका, बदला. बाणाची दिशा पेट्रोलच्या प्रवाहाकडे हवी. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तर घाबरू नका, तो तसा चालतो. सतत बुडबुड्यांची माळ दिसली तर मात्र मागे हवा शिरते आहे.

एकामागे एक दोन फिल्टर लावायची पद्धत वाईट आहे. पंपाआधी लावायचाच असेल तर मोठ्या पोटाचा, कमी अडथळ्याचा एकच लावा. बारीक कागदाचा दुसरा हवाच असेल तर तो पंपानंतर.

बऱ्याच पंपांच्या टोपणाखाली जाळी असते आणि ती साफ करायची असते हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. टोपण मधल्या एका बोल्टने किंवा कडेच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. उघडा, जाळी मऊ ब्रशने पेट्रोलमध्ये धुवा, तळाचा गाळ चिंधीने पुसून घ्या. टोपणाखालचं कॉर्क किंवा रबराचं गॅस्केट कडक झालं असेल तर नवं घाला. टोपणाची जागा ओढीच्या बाजूला आहे, तिथली ढिलाई म्हणजे पुन्हा हवा. बोल्ट बेताने आवळा, टोपण वाकलं की कायमचं गळतं.

गाळाचा रंग वाचा. तांबूस भुकटी म्हणजे टाकीचा किंवा पाइपचा गंज. काळे मऊ कण म्हणजे रबरी नळी आतून सुटते आहे. पांढरट भुकटी म्हणजे पाण्याने खाल्लेलं झिंक किंवा अॅल्युमिनियम. तळाला पाण्याचे गोल थेंब दिसले तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं उभं ठेवा. तळाला वेगळा थर साचला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवावीच लागेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो. टाकीतली नळी नेमकी तिथूनच ओढते.

५. रबरी नळ्या: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पेट्रोल लाइनच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथेच संपतात. कारण या गाड्यांच्या मूळ नळ्या साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या होत्या. २०२३पासून टप्प्याटप्प्याने आलेलं ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आणि गाडी उभी राहून ते वाळलं की त्याला तडे जातात. शिवाय इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवतं. ई२० भरायला लागल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर लवकर चोंदतो तो यामुळे.

नळी बाहेरून बघून पुरत नाही. बोटांनी दाबत, वाकवत टोकापासून टोकापर्यंत जा. वाकवल्यावर बारीक तडे दिसले, नळी लाकडासारखी कडक लागली किंवा पोळीच्या कणकेसारखी मऊ लागली, तर बदला. एक फसवा दोष असतो: आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं. पेट्रोल ओढलं की पडदा बंद, थांबलं की उघडा. बाहेरून नळी नवी दिसते, फुंकून बघितली तरी मोकळी वाटते, कारण फुंकर उलट्या दिशेने गेलेली असते. म्हणून सहा-सात वर्षांपुढची नळी तपासण्यात वेळ घालवू नका, सरळ बदला.

नवी नळी घेताना अंगावरची छपाई वाचा. कार्बोरेटरसाठी एसएई ३०आर७ (हा नळीचा दर्जा सांगणारा क्रमांक) चालते. ई२०वर जास्त टिकावी असं वाटत असेल तर ३०आर९ घ्या, तिच्या आतलं अस्तर फ्लोरो-रबराचं असतं. छपाई नसलेली काळी नळी पाण्याची, हवेची किंवा व्हॅक्यूमची असू शकते. पारदर्शक प्लॅस्टिक नळी तर लावूच नका. पेट्रोलने ती पिवळी आणि कडक होते, तापल्यावर सैल पडून निप्पलवरून (नळी चढते त्या पाइपच्या टोकावरून) निसटते, आणि निसटते ती बहुधा एक्झॉस्टच्या वर.

माप निप्पलवर मोजून घ्या. या गाड्यांत बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटर आतला व्यास लागतो. ८ची नळी ६च्या निप्पलवर क्लिपने दाबून बसवली तर घडी पडते आणि त्या घडीतून हवा जाते. नळी निप्पलवर किमान अडीच सेंटिमीटर चढावी. क्लिप निप्पलच्या उंचवट्याच्या मागे बसवा, वर नाही. जाळीदार पट्टीची साधी क्लिप जास्त आवळली तर मऊ नळी कापते. गुळगुळीत पट्टीची, नट-बोल्टची छोटी क्लिप चांगली.

टाकीतून पाइप निघतो तिथे, मागच्या चाकाजवळ, एक छोटा रबरी तुकडा असतो. लोक बॉनेटखालच्या नळ्या बदलतात आणि हा विसरतात. तो ओढीच्या बाजूला आहे, चिखल आणि पाणी त्याच्यावर उडतं, आणि गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही. सगळ्या नळ्या नव्या करूनही सकाळचा त्रास राहिला तर आधी तिथे जा.

८००च्या पंपाला तीन तोंडं असतात: आत येणारं, कार्बोरेटरकडे जाणारं आणि टाकीकडे परत जाणारं. काढण्याआधी चिकटपट्टीने खुणा करा. परतीची नळी दबली किंवा बुजवली गेली तर जादा पेट्रोल आणि वाफ परत जाऊ शकत नाही. मग गरम गाडी एकतर फ्लड होते (जादा पेट्रोलने गुदमरते) किंवा व्हेपर लॉक होते.

६. निकाल देणारी तपासणी: परका डबा

इथपर्यंत सुटलं नाही तर आता दोष कुठल्या बाजूला आहे हे ठरवायचं. पंपाची आत येणारी नळी काढा, तिचं टोक बोल्ट घालून बंद करा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक लिटर स्वच्छ पेट्रोल घ्या, झाकणाला नळीपुरतं एक आणि हवेसाठी एक बारीक भोक ठेवा. डबा गाडीच्या बाहेर, जमिनीवर, पंपाच्या पातळीच्या खाली. वर ठेवला तर पेट्रोल उताराने आपोआप येईल आणि पंपाची परीक्षाच होणार नाही. डब्यातून नवी नळी पंपाला जोडा आणि गाडी जागेवर चालवा.

गाडी सुरळीत चालली, दोन-अडीच हजार आरपीएमला पाच मिनिटं टिकली, तर पंप चांगला आहे. बिघाड टाकीपासून पंपापर्यंत. तसाच त्रास राहिला तर पंपात किंवा त्याच्यापुढे. एवढं केल्याशिवाय नवा पंप विकत घेऊ नका. ही तपासणी जागेवरच करायची. डबा बॉनेटखाली बांधून रस्त्यावर जाणं म्हणजे आगीला आमंत्रण.

७. पंप किती देतो

कॉइलची चावीकडून येणारी वायर काढून टेपने झाका, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरवरची नळी काढून डब्यात सोडा आणि कोणाला तरी दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जाड आणि ठसठशीत यायला हवं. इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका. नुसती धार ओघळली किंवा फेस आला तर पंप कमजोर किंवा हवा घेतोय. इंजिन चालू ठेवून मोजायचं तर निरोगी पंप आयडलिंगला मिनिटाला साधारण अर्धा लिटर देतो, पण गरम इंजिनाशेजारी उघडी धार नको. हा आकडा गेज असलेल्या गॅरेजवाल्याकडे मोजून घ्यावा.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला लावा. सेल्फवर २०० मिलिमीटर पारा किंवा जास्त ओढ हवी आणि सेल्फ थांबल्यावर काटा काही सेकंद टिकला पाहिजे. लगेच पडला तर व्हॉल्व्ह गळतात किंवा डायफ्राम चिरलाय. गेज नसेल तर ओलं बोट लावून बघा, बोट खेचलं जाऊन चिकटून राहायला हवं.

८. लाइन उलटी फुंकणे

डब्यावर गाडी चालली, म्हणजे मागचा पाइप संशयित. टाकीचं झाकण पूर्ण उघडा. पंपाकडचं टोक मोकळं करून सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हवा मारा. टाकीत खळखळ ऐकू आली पाहिजे. कॉम्प्रेसर लावायचाच तर एक किलोच्या खाली. हवा मारण्याआधी पाइप पंपापासून सुटलेला आहे हे बघा, नाहीतर पंपाचे व्हॉल्व्ह उडतात.

फुंकल्यावर गाडी सुटली आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा अडली, तर टाकीतला गाळ नळीच्या तोंडाशी येऊन बसतोय. पुन्हा पुन्हा फुंकणं हा त्यावरचा उपाय नाही. टाकी उतरवून धुवायला हवी.

खाली वाकून पत्र्याचा पाइपही बघा. गंज बहुधा पाइप धरणाऱ्या क्लिपांखाली लागतो, कारण तिथे चिखल ओला राहतो. कोकण-गोव्यातल्या किंवा पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत क्लिप सोडून खाली बघितल्याशिवाय पाइप चांगला म्हणू नका. गंजलेला तुकडा कापून मध्ये हातभर रबरी नळी घालणं ही पळवाट आहे. दगड लागून किंवा जॅकखाली ती सहज दबते.

९. गरम झाल्यावरचा त्रास

पिचकारी नाही आणि इंजिन तापलेलं, अशा वेळी ओली चिंधी पंपावर आणि त्याच्यापुढच्या पाइपवर ठेवा. एक्झॉस्टच्या ओतीव लोखंडाला पाणी लागू देऊ नका, तडकेल. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफच आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मेमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली हे होणारच, पण रोज होत असेल तर कारण शोधा. पाइप ब्लॉकला टेकलाय का, एक्झॉस्टजवळचा पत्रा कोणी काढून टाकलाय का, रेडिएटर चोंदलाय का, आणि पंपाआधीचा फिल्टर.

पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड उष्णतारोधक स्पेसर असेल तर तो जागेवर आहे का ते बघा. मागच्या दुरुस्तीत तो टाकून नुसतं कागदी गॅस्केट घातलेलं अनेकदा सापडतं. त्याचे दोन तोटे. पंप तापतो, आणि दांडी कॅमच्या जवळ गेल्याने तिची चाल वाढते, दाब चढतो आणि कार्बोरेटर फ्लड होतो. उलट एकावर एक गॅस्केट रचली तर चाल कमी होऊन पेट्रोल कमी पडतं. जुना स्पेसर आणि गॅस्केट मिळून किती जाडी होती ते मोजा आणि तेवढीच परत घाला.

१०. पंप उघडणे

इथवर आलात आणि डब्यावरही गाडी चालली नाही, तर पंप. मिळत असेल तर पूर्ण किट घ्या: डायफ्राम, व्हॉल्व्ह, गॅस्केट. दुकानात वीस वर्षं पडून राहिलेला सीलबंद डायफ्राम नवा नसतो. तो वाकवून बघा, तडा दिसला तर परत करा.

वरच्या आणि खालच्या भागावर आडवी रेघ ओढून ठेवा, नाहीतर नळ्यांची तोंडं भलतीकडे येतात. व्हॉल्व्ह कोणता कुठल्या तोंडाने बसला होता याचा फोटो काढा, दोन्ही एकसारखे दिसतात आणि उलटे बसतात. जोडताना स्क्रू आधी सैल लावा, दांडी पूर्ण दाबून धरा म्हणजे डायफ्राम पूर्ण खाली जाईल, आणि त्याच अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. डायफ्राम ताणलेल्या अवस्थेत आवळला तर तो पूर्ण चाल घेऊ शकत नाही आणि काही आठवड्यांत कडेला फाटतो. किट घालूनही पंप लवकर गेला अशा तक्रारीत हेच निघतं.

दांडीचं कॅमवर घासणारं तोंड खोलगट झिजलं असेल किंवा पिन डुगडुगत असेल तर किटचे पैसे वाया जातील, पूर्ण पंप घ्या. बसवताना इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा दूर न्या, म्हणजे दांडीवर जोर येणार नाही. दांडी कॅमच्या योग्य बाजूला गेली आहे ना ते हाताने जाणवतं. चुकीच्या बाजूला घालून नट आवळले तर पहिल्याच फेरीत दांडी मोडते. दोन्ही नट आळीपाळीने आवळा, एकच आवळला तर पंपाचा कान तुटतो.

इलेक्ट्रिक पंप लावून मोकळं व्हायचा मोह होतो. लावायचाच तर ०.३ किलोच्या आतला, टाकीजवळ, तिच्या पातळीच्या खाली, आणि इंजिन थांबल्यावर किंवा अपघातात आपोआप बंद होईल अशा रिलेसह. इंजेक्शन गाडीचा पंप कार्बोरेटरची निडल उघडून टाकतो आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडतं. जुना मेकॅनिकल पंप लाइनमध्ये तसाच ठेवून मागे इलेक्ट्रिक जोडला, आणि पुढे जुन्याचा डायफ्राम फाटला, तर इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये भरतो.

थांबायचं कधी

ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं असेल आणि ते किती दिवस तसं चाललं हे माहीत नसेल, तर गाडी टो करून न्या. बेअरिंगचा आवाज जाणकाराने ऐकायला हवा. गाडीखालचा पत्र्याचा पाइप गंजून ओला झाला असेल तर नवा पाइप वाकवणं आणि त्याची टोकं फुलवणं हे ब्रेक पाइप बनवणाऱ्या कारागिराचं काम आहे. टाकीला वेल्डिंग किंवा डाग द्यायचा असेल तर ती घरी उतरवून गल्लीतल्या वेल्डरकडे नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाक्या धुऊन निर्धोक करणारा रेडिएटर-टाकीवाला शोधा. सीएनजीच्या पाइपला, रेग्युलेटरला हात लावायची वेळ आली तर अधिकृत किट सेंटर. आणि सगळं करूनही बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल, पण ओलावा सापडत नसेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

काम झाल्यावर

बॅटरी जोडण्याआधी सगळ्या क्लिपा एकदा हाताने ओढून बघा. काही पंपांना हाताने चालवायची छोटी दांडी असते. असेल तर तिने वाटी भरा, सेल्फवरचा ताण वाचतो. दांडी हलताना जोर लागत नसेल तर कॅमचा उंचवटा पंपाला दाबून बसलाय, इंजिन एक फेरी फिरवा. गाडी दहा मिनिटं जागेवर चालवा, मग कोऱ्या टिश्यूचा तुकडा प्रत्येक जोडावर टेकवून बघा, टॉर्चच्या उजेडात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, कारण थंड झाल्यावर रबर आकसतं आणि जोड तेव्हा उघडतो. शंभर किलोमीटरनंतर क्लिपा पाव फेरी आवळा. ई२०वर नळ्या दर तीन वर्षांनी, फिल्टर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, पंपाची जाळी पावसाळ्याआधी आणि नंतर. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. आता ज्या उरल्यात त्या बहुतेक रविवारच्या गाड्या आहेत, आणि उभ्या गाडीची पेट्रोल लाइन पळत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. दोन-तीन महिने काढायची नसेल तर ई२० टाकीत ठेवू नका.